डाव्या पायाचा मध

३ जून
वहीबाई, काल काय सांगितलं होतं तुला? नाही ना आठवत! मला एक अक्षर येत नाही, तरी सगळं ध्यानात राहतं — आणि तुझं लिहिल्याशिवाय डोकंच चालत नाही. तर पुन्हा ऐक. पायरीवरून घसरले, दोन्ही नडग्या सोलवटल्या. सूनबाई दवाखान्यात नर्स — मी सांगतेय, ती लिहितेय. ती म्हणाली, "साबण-पाणी आणि स्वच्छ पट्टी." मी म्हटलं, मध! लेकीने पाठवलेली अख्खी बरणी आहे. लागली पैज. डाव्या पायाला माझा मध, उजव्याला तिची पट्टी. मी हरले तर माझा औषधी पाल्यामुळ्यांचा डबा माळ्यावर, आणि गल्लीतली पोरं गुडघा फुटला की तिच्याकडे पळणार! मग माझ्याकडे कोण येणार? हरायचं नाही.

४ जून
"मधाचे पुरावे आहेत थोडेफार, आई. पण दवाखान्यातला मध जंतू मारून भरलेला असतो, बरणीतला नव्हे. आणि एका पायावरून काही ठरत नाही, शेकडो पाय लागतात."
शेकडो पाय कुठून आणू? गोम आहे का मी!

६ जून
डाव्या पायावर मुंगी चढली. उजव्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मुंगीला गुण कळतो.

१० जून
"आई, बरणी अर्धी झाली! एवढा मध एका नडगीला?"
नडगी लांब आहे माझी. आणि बोटाला उरतो तो काय पुसून टाकायचा? अन्न आहे ते! — हे लिहू नकोस. लिहिलंस?

१७ जून
डावी जखम ओलीच. उजवीही ओलीच! बरोबरी! मी टाळ्या वाजवल्या. सूनबाईने नाही वाजवल्या. पेन खाली ठेवलं, माझ्या हातातल्या पेल्याकडे बघत राहिली. "हल्ली तहान फार लागते का हो, आई?"
हा कितवा पेला, कोण मोजतंय.

१९ जून
रक्तात साखर निघाली. भरपूर. "डावाच पाय भरला नसता तर मधाला दोष दिला असता मी. दोन्ही ओले म्हणून रक्त तपासलं," सूनबाई म्हणाली. नाक ओढत म्हणाली. डबा माझ्याकडेच राहिला — बरणी तिने नेली. लेकीला कळव गं: मध नको. काकड्या पाठव. कडू निघाल्या तरी चालतील.