मावशी मराठी, फोन इंग्रजी

४ फेब्रु.
हॉस्पिटलची साइट आज सुरू झाली. मराठी, हिंदी, इंग्रजी. ऑपरेशनच्या तारखेची लिंक पेशंटला मेसेजने जाते. ती कुठल्या भाषेत उघडावी यावर महिनाभर डोकेफोड केली होती. मी म्हटलं, फोनची भाषा असेल तीच. आमचा बॉस केतन म्हणाला, "परफेक्ट, वादच नको." तसंच केलं. ऑफिसात पेढे. माझी कॉलर ताठ.

११ फेब्रु.
शेजारच्या इंदूमावशींना याच हॉ.त गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, २७. वर्षभर थांबल्यात. गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत भिंत धरून जातात, मध्ये दोनदा बसतात. "गणपतीक गावाक जातलंय गो बाय, माझ्या पायांनी." साइट मी केलीय हे सांगणार होते, पण तोवर दूध उतू गेलं.

१९ फेब्रु.
घोळ. मावशींना हॉ.तून फोन: तारीख तुम्हीच सोडलीत, दुसऱ्याला दिली.
"मिया कशाक सोडू? काल मेसेज मिळालो म्हणान बटण दाबलंय फक्त."
लिंक उघडून पाहिली. पान इंग्रजी. पहिलंच बटण 'तारीख नको'चं. (हॉ.चा हट्ट. ज्यांना जमणार नाही त्यांनी आधी दाबावं, म्हणजे खाट लगेच दुसऱ्याला.) मावशी मराठी सातवी. इंग्रजी अक्षर ओळखत नाहीत.
आणि फोन इंग्रजीत का? कारण तो माझाच जुना. दिवाळीत नवा घेतला तेव्हा मीच दिला. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत म्हाताऱ्यांचे सगळेच फोन असे, पोरांनी टाकलेले, पोरांच्या भाषेत. जन्मापासून इथे राहते, आणि 'फोनची भाषा' म्हणताना एकदाही हे आठवलं नाही. लाज वाटते.

२० फेब्रु.
हाफ डे टाकून हॉ.त गेले. काउंटरवरच्या बाई: "पुढची तारीख आली की लिंक पाठवू." म्हणजे परत लिंकच.
मावशींचा केसपेपर पाहिला. कोपऱ्यात छापलंय, भाषा: मराठी. नोंदणीच्या वेळी विचारून घेतलेलं. हॉ.ला माहीत होतं. माझी लिंक फोनला विचारत बसली.
केतनला म्हटलं, नोंदलेली भाषा लिंकमध्येच घालूया, पान त्याच भाषेत उघडेल, वर बाकीच्या दोन भाषांची नावं ठेवू.
"अगं, जगभर फोनच्या सेटिंगवरच चालतं. बघू पुढच्या फेजला."
मी काहीतरी बोलले. जोरात बोलले बहुतेक.

२४ फेब्रु.
मावशींचा फोन मराठीत करून दिला. दुपारी परत हजर, गुडघा धरून. "होतो तसो कर गो. माका कायच गावना नाय." खरंय. नावं बदलली, यादीतला क्रम बदलला. त्या वाचून फोन वापरतच नव्हत्या, जागा पाठ होत्या. परत इंग्रजी केला.
ते पान माझं आहे हे अजून सांगितलेलं नाही. दार उघडं असतं, त्या समोर बसलेल्या असतात, आणि मी घाई असल्यासारखी पुढे निघून जाते.

२७ फेब्रु.
आज ऑपरेशन झालं असतं. मावशींनी घावणे पाठवले. तसेच झाकून ठेवले.

१२ मार्च
बदल झाला एकदाचा. केतन रोजच्या कटकटीला कंटाळला. माझ्या इंग्रजी फोनवर मराठी पेशंटची लिंक दाबली, पान मराठीत उघडलं. बटणांचा क्रमही बदलून घेतला. कोणाच्या लक्षातही आलं नाही. या खेपेला पेढे नाहीत.

२ एप्रिल
संध्याकाळी सहज मावशींचा फोन हातात घेतला. नव्या तारखेचा मेसेज, सहा दिवसांपूर्वीचा. लिंक तीन दिवस चालते.
"मावशी, मला दाखवलं का नाही?"
"आता मिया कशाकच हात लावणंय नाय. परत काय बिघाडला तर? तू आधीच रडवेली दिसतंस."
लिंक दाबली. मराठी पान, मोठी स्वच्छ अक्षरं, अगदी मला हवं होतं तसं. मावशींनी फोन माझ्या हातून घेतला, चष्मा चढवला, आणि शाळेत वाचावं तसं बोट ठेवून मोठ्याने वाचलं: "या लिंकची मुदत संपली आहे."
वाक्य माझंच. जानेवारीत लिहिलेलं.
"बघ, ह्या वाचूक येता माका," म्हणाल्या. खूश होत्या. मग हळूच, "म्हणजे काय गो झाला?"
उद्या सकाळी काउंटरवर जाऊ, एवढंच म्हटलं. ते पान माझं आहे हे सांगायला तोंड उघडलं होतं, तोवर मावशी भिंत धरून केसपेपर काढायला उठल्या.