बेडकीचा पट्टा

मंगळवार, ३ मार्च

आली बाई एकदाची घरी! कमरेपर्यंत चिखल, एका पायात बूट, दुसरा तिकडेच दलदलीत. पण आली. दारातच तिला चाचपून पाहिलं. हातपाय धड आहेत. तर मलाच म्हणते, "आजी, आधी घंगाळभर पाणी तापव, मग काय ते रड." जीव भांड्यात पडला.

बेडकी मध्येच बसली. बेडकी म्हणजे नातीच्या कारखान्यातली गाडी. जमिनीवर चालते, चिखलात चालते, पाण्यात तरंगत जाते — निदान जायला हवी! दोन्ही अंगांना चार-चार चाकं, त्यांच्यावरून रबराचा जाड पट्टा फिरतो. पुढचं दातांचं चाक तो ओढतं. तो पट्टा आज तुटला. अलीकडे नाही, पलीकडे नाही, बरोब्बर मध्ये! नात काठावरून टाकलेला दोर धरून चालत बाहेर आली; गाडी आता भरतीला ओढून काढणार.

बुधवार, ४ मार्च

काल एक गोष्ट लिहिली नाही. वहीपासून काय लपवायचं? पट्टा ताणायला मीच सांगितलं होतं.

हे गेल्यावर बावीस वर्षं मी पिठाची गिरणी चालवली. तिसरीत शाळा सुटलेली बाई, पण इंजिनाच्या आवाजावरून सांगायचे, दळण बारीक पडतंय की जाडं. एकदा तर मी नुसती — जाऊ दे, ते लांबेल. सांगायचं हे, की गिरणीचा पट्टा घसरला तर काय करायचं? ताणायचा. नात महिनाभर कुरकुरत होती, "चिखलात पट्टा दातांवरून उडी मारतो गं आजी." मी मोठ्या तोऱ्यात, "सैल सोडलाय तुम्ही. ताण की!" तिनं ताणला. परत उडाला. परत ताणला. काल तुटला. आणि आत ती बसलेली!

तिला अजून काही बोलले नाही. तिनं पण मला बोल लावला नाही. ते जास्त लागतं.

गुरुवार, ५ मार्च

लेकीचा फोन. लेक म्हणजे नातीची आई. दलदलीपलीकडच्या वस्तीत नर्स आहे, तिथली एकुलती एक. तिकडे रस्ता नाही. भरती आली की होडी, ओहोटी लागली की नुसता गुडघाभर गाळ. पेशंट भरतीची वाट बघत कण्हत बसतात. ती वस्ती सोडून येत नाही आणि मला काही होडीत चढता येत नाही. एकदा चढायला गेले तर दोघांनी वर ओढलं नि तिघंही पाण्यात! सहा वर्षं झाली, लेकीचं घर पाहिलेलं नाही. ती वर्षातून दोनदा येते, पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच निघते.

वीस तारखेला पाहणीवाले येणार आहेत. ओहोटीला बेडकी पलीकडे जाऊन परत आली तर ती लेकीच्या दवाखान्याला मिळणार. नाही आली तर भंगारात, आणि नात परत पाण्याचे पंप दुरुस्त करायला.

लेक म्हणाली, "आई, पोरीला म्हणावं, गाडी गेली खड्ड्यात, तू जपून राहा." म्हटलं, अगं, खड्ड्यातच तर गेलीय!

शुक्रवार, ६ मार्च

समोरची शिंपीण खिडकीतून, "काय हो आजी, नातीनं गाडी बुडवली म्हणे?" म्हटलं, तुम्ही माझ्या पोलक्याची बाही उलटी लावलीत, मी गावभर केलं का?

मंगळवार, १० मार्च

सापडलं!! घाईत अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

कारखान्यात मोठ्या मिस्त्रींचा नियम — चिखलाची गाडी शेडमध्ये आणायची नाही. रोज संध्याकाळी बेडकीला नळीनं धुऊन लख्ख करायचं, मग तपासायचं. काल नवा पट्टा घालून बेडकी परत चिखलात नेली, नि नेमका टाकीचा पंपच बिघडला. (पंप दुरुस्त करणारे सगळे बेडकीत गुंतलेले!) गाडी तशीच उभी राहिली. आज सकाळी नात बघते तर दातांच्या चाकात खाचाखाचांत चिखल ठासून बसलेला, वाळून दगड झालेला. चाक दोन बोटं मोठं झालेलं आणि वरचा पट्टा तारेसारखा ताठ!

म्हणजे पट्टा सैल नव्हताच. चिखल आत शिरला की चाक फुगायचं, पट्टा आपोआप ताणला जायचा, दात सोडून उडायचा. आणि आम्ही शहाणे त्याला आणखी ताणत होतो. पुरावा रोज संध्याकाळी नळीनं गटारात.

मोठे मिस्त्री म्हणे कपाळाला हात लावून बसले. "चार महिने मी चूक धुवून काढत होतो," म्हणाले.

बुधवार, ११ मार्च

आज बोलून टाकलं. जेवताना. "माझ्यामुळे तुटला गं पट्टा. तुला काही झालं असतं तर मी तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं?"

नात एवढी हसली की घास ठसका होऊन बाहेर! "आजी, आम्ही चार शिकलेली माणसं पण ताणायचंच म्हणत होतो. तू एकटीच कशाला सगळं श्रेय घेतेस?" मग माझा हात धरून म्हणाली, "गिरणीत कोरडं पीठ गं. तिथं तुझंच बरोबर."

आठ दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

शनिवार, १४ मार्च

चाकाला खिडक्या पाडल्या! दोन दातांच्या मध्ये आरपार भोकं. पट्टा चिखल दाबतो, चिखल खिडकीतून बाहेर. मागे एक पोलादी खरवडणी बसवली, उरलंसुरलं ती काढते. आणि पट्टा चांगला चार बोटं सैल सोडला. मला तो लोंबता पट्टा बघवेना. तोंडावर पदर धरून बसले, न जाणो सवयीनं काही निघायचं!

पाण्यातलंही एक सांगितलं तिनं. पट्टा खालून पाणी मागे ढकलतो म्हणून गाडी पुढे जाते. पण वरून परत येताना तोच पाणी उलटं ढकलतो. एका हातानं द्यायचं, दुसऱ्यानं काढून घ्यायचं — आमच्या थोरल्या जाऊबाईंसारखं. म्हणून वरच्या अंगाला पत्र्याचं झाकण बसवलं. कारखान्यामागचं तळं पार करायला पूर्वी बारा मिनिटं लागायची, आज आठ.

मंगळवार, १७ मार्च

आज चाचणीला बेडकी चिखलात गेली आणि आली! पट्टा जागच्या जागी.

शुक्रवार, २० मार्च

काय लिहू नि काय नको. मी धक्क्यावर खुर्ची टाकून बसले होते. पाहणीवाले तिघे, इस्त्रीचे कपडे, हातात घड्याळ. ओहोटी पुरती लागलेली. नात आत बसली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बरंच केलं.

त्या दिवशी पट्टा तुटून बसली होती त्या जागेपाशी बेडकी मंद झाली. इंजिनाचा आवाज जड झाला — तो आवाज मला कळतो! तेवढ्यात खिडक्यांतून चिखलाचे गोळे फटाफट बाहेर पडायला लागले, आवाज मोकळा झाला नि निघाली की! मी खुर्चीवरून उठून ओरडले, "सैलच राहू दे गं!" एक पाहणीवाला दचकून मागे सरला, बूट चिखलात. म्हटलं, साहेब, आता कळेल चिखल म्हणजे काय.

एक्केचाळीस मिनिटांत जाऊन-येऊन. पास!

मोठे मिस्त्री माझ्या पाया पडायला वाकले नि मी रडायलाच लागले.

शनिवार, २८ मार्च

बेडकीनं आणलं मला. खुर्चीसकट उचलून ठेवलं होतं आत! लेकीच्या ओसरीवर बसून हे लिहितेय. आतून तिचा आवाज येतोय, कुणाला तरी औषध कसं घ्यायचं ते सांगतेय.

परतीची फेरी साडेचारला होती. नातीनं तीनदा हाक मारली.

गेली फेरी. मी बेडकीत बसलेच नाही!