डिफरन्शिअलचं तेल आणि अकरा नमो मारिया

घोडबंदर,
१९ मे १९३८

प्रिय जुडिथ,

तुझं २३ जानेवारीचं पत्र समोर आहे. उत्तराला चार महिने लावले असं तुझी आई म्हणते. ते खरं नाही. तीन महिने सव्वीस दिवस झाले. एडविनशी लग्नाला मी नाही म्हटलं, तू कारण विचारलंस, ते मी सांगितलं नाही, आणि तेव्हापासून तू मुंबईच्या इस्पितळातल्या नर्सच्या कामावरून एकदाही घरी आली नाहीस. इस्टरलासुद्धा नाही. तर कारण सांगतो. कारण तेल होतं.

मंचेरशा शेठची ती बसकी, हिरवी, दोनच माणसांची विलायती मोटार तुला आठवत असेल. तिच्यात शिरताना शेठना आधी पाय आणि मग दम धरून पोट आत घ्यावं लागतं. अशा शर्यतीच्या मोटारीला इंजिनाखेरीज दोन ठिकाणी तेल लागतं. एक गिअरबॉक्समध्ये. दुसरं मागच्या चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो त्यात. तो डिफरन्शिअल. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळायचं असतं, आतल्याला कमी. त्यांचं भांडण तो सोडवतो. भाईंदरपासून ठाण्यापर्यंत लोक दोन्हीत एकच तेल ओततात आणि स्वतःला मिस्त्री म्हणवतात. गिअरबॉक्सचं जरा पातळ हवं, नाहीतर सकाळी गिअर पडत नाही. डिफरन्शिअलचं जाड, कारण तिथे दातावर दात घासतो. हे मला कुठल्या मास्तरनं शिकवलं नाही. इंग्रजी पुस्तक समोर आणि डिक्शनरी मांडीवर, असं बसून मी शिकलो.

तेल किती जाड हे मी कसं मोजतो तुला ठाऊक आहे. पितळेच्या नरसाळ्यातून एक पेला तेल गळायला किती नमो मारिया लागतात, ते बघायचं. प्रार्थना एकाच चालीत म्हणायची, आमेनसकट. घाई नाही, भक्तीही नाही. इंजिनाचं तेल चार, गिअरबॉक्सचं सहा, डिफरन्शिअलचं दहा ते अकरा. घड्याळ मागेपुढे होतं, माझी नमो मारिया होत नाही.

जानेवारीत शेठ मोटार घेऊन आले तेव्हा डिफरन्शिअलचं तेल माझ्याकडे संपलं होतं आणि मुंबईहून यायला आठवडा लागणार होता. तेवढ्यात तुझा ज्युलियस मामा उत्तनहून मुशी माशाच्या काळजाचं तेल घेऊन आला. होडीच्या फळ्यांना लावतात ते, वर्षभर उन्हात मुरवलेलं. म्हणाला, "दाजी, याच्यापरीस जाड तेल इंग्लंडच्या राजाकडं पन न्हाय." मी कुणाच्या म्हणण्यावर जात नाही. पहाटे मोजलं. बरोबर अकरा. आता सांग, कोण नाही घालणार?

आणि नेमका त्याच सकाळी तुझा एडविन डोंगरीहून तुला मागणी घालायला आला. नवा कोट, केसांना खोबरेल. मी मोटारीखाली, तेल ओततोय. बाहेर ज्युलियस, तुझी आई, शेठ आणि शेठचा स्वयंपाकी उभे. चौघे, लक्षात घे. हा खाली वाकला, वास घेतला, आणि लग्नाचं बोलायचं सोडून म्हणाला, "काका, तुम्ही थंड तेलावर मोजलंत. आतला गोळा चालून चालून तापतो. तापवून मोजा." शेठचा स्वयंपाकी हसला. मी बाहेर आलो आणि म्हटलं, मुंबईच्या कंपनीत पाने उचलून देणाऱ्यानं मला प्रार्थना शिकवू नये, आणि माझ्या घरात तुझं काही काम नाही. तो म्हणाला, "काम होतं, काका," आणि गेला. पुढचं तुला माहीत आहे.

तुला जे माहीत नाही ते आता. मार्चमध्ये शेठ मोटार घेऊन वांद्र्याला सासुरवाडीला गेले. तीस-एक मैल जोरात चालवल्यावर गोळा तापला आणि वास सुटला. पोर्चमध्ये मोटार उभी केली, आणि सासूबाई ओवाळायचं ताट घेऊन बाहेर येतात तो मोटारीखाली मांजरं. शेठ म्हणतात दहा. मी त्यांच्या माळ्याकडून खात्री केली. सात होती, आणि एक कुत्रा, पण तो घरचाच. परत येताना मागून सनईसारखा सूर येत होता. शेठ मला एवढंच म्हणाले, "कॅजिटन, गाडी आहे का मच्छी मार्केट?"

मी मोटार ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे, कुणी उठायच्या आत, तुझ्या आईच्या चुलीवर मुशीचं तेल तापवलं आणि नरसाळ्यात ओतलं. जुडिथ, तीन. तिसरीचं आमेन म्हणायच्या आधीच पेला रिकामा. मी पुन्हा केलं. नऊ वेळा केलं. चूल जमिनीवर, म्हणून गुडघ्यांवर बसून करावं लागलं. तुझी आई उठून दारात आली, तर नवरा गुडघे टेकून, डोळ्यांत धूर जाऊन पाणी, आणि तोंडात नमो मारिया. तिला वाटलं मी तुझ्यासाठी पस्तावलो. तिनं मेणबत्ती लावली आणि शेजारी बसून म्हणायला लागली. तिची चाल वेगळी. सगळं माप चुकलं. पण तिला मी खरं सांगितलं नाही. आणि खोटंही काही होतं असं नाही.

गोळा उघडला. दात शाबूत होते. सगळं तेल काढलं, रॉकेलनं तीनदा धुतलं. मुंबईहून तीन कंपन्यांची तेलं आणवली आणि तिन्ही तापवून मोजली. एक नऊ निघालं. पण तापल्यावर नऊ म्हणजे पुरेसं की नाही, हे पुस्तकात नव्हतं. म्हणून नमुन्याची बाटली घेऊन मी मुंबईला गेलो. तुला भेटायला आलो नाही, कारण काम तेलाचं होतं. एडविनच्या कारखान्याच्या फाटकापाशी सव्वा तास उभा राहिलो. तो बाहेर आला, मला पाहिलं, हात पुसले. मला वाटलं हसेल. त्यानं बाटली उन्हात धरली आणि विचारलं, "तापवून किती नमो मारिया, काका?" म्हटलं, नऊ. "मग घाला बिनधास्त." बाटली परत देत म्हणाला, "आमच्याकडे मोजायचं काचेचं यंत्र आहे, पण साहेब त्याला हात लावू देत नाही. जानेवारीपासून मीही प्रार्थनेवरच मोजतो. फक्त तापवून." गिअरबॉक्सच्या बाबतीत मी पहिल्यापासून बरोबर होतो, हे त्यानं आपणहून मान्य केलं. हे तू लक्षात ठेव.

मोटार आता गप्प चालते. सोमवारी मी फादरकडे गेलो आणि म्हटलं, लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचतात ना, तशी ही दोन वाचा: डोंगरीचा एडविन आणि माझी जुडिथ. फादरनी वही उघडली, टाक बुडवला आणि विचारलं, "मुलगी काय म्हणते?" जुडिथ, तेल कोणतं हे मी सगळ्यांना विचारत हिंडलो. तुला मात्र काहीच विचारलं नाही. तू तीन महिने सव्वीस दिवस गप्प आहेस. तुझं मन अजून तेच आहे की मी ते घालवलं, हे मला माहीत नाही. फादर म्हणाले, तिच्या हातची चिठ्ठी आण, मग वाचतो. म्हणून हे पत्र. शनिवारच्या आत एक ओळ पाठव. हो असेल तर हो लिही. नाही असेल तरी मला लिही, मी एक शब्द बोलणार नाही. फक्त मग एडविनला ते तू सांग. माझ्याच्यानं त्याला दुसऱ्यांदा नाही म्हणवणार नाही.

तुझाच बापूस,
कॅजिटन