आयची तीन पत्रं

कोपरखैरणे,
१२ फेब्रुवारी १९९७

सौ. शालनअक्कांना धाकट्या जावेचा, मंजुषाचा, वाकून नमस्कार.

इकडे आम्ही तिघंही बरी आहोत. मार्केटात सध्या कांद्याच्या गाड्या फार येतात, त्यामुळे हे पहाटे जातात ते दुपार टळल्यावरच घरी येतात. सोसायटीत पाणी आता दोन्ही वेळा येतं. थोरल्या भावजींच्या गुडघ्याला उतार पडला का?

ज्ञानूही बरी आहे. म्हणजे आता बरी आहे.

मागच्या महिन्यात तिचा उजवा गाल सुजला. डोळा अर्धा झाकला गेला, अंगात ताप. वाशीला दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत, योगिनीबाई, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी बॅटरी लावून बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, ही पोरगी जेवत कशी होती?" पाच वर्षांच्या पोरीच्या चार दाढा आतपर्यंत किडलेल्या. एकीखाली पू.

हे म्हणाले, "दुधाचेच ना? उपटून टाका. नाहीतरी पडणारच हायेत." बाई म्हणाल्या, मागच्या दाढा दहा-अकरा वर्षांपर्यंत राहायला हव्यात, त्या नव्या दातांची जागा धरून ठेवतात. एक काढावीच लागेल. बाकी तिन्हींची मुळं साफ करून वर स्टीलच्या टोप्या बसवू. सूज उतरली की चार वेळा यावं लागेल.

परत येताना रिक्षात ह्यांनी तुमचं नाव काढलं. "वहिनीनं साखरेच्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवली, त्याची ही फळं." अक्का, खोटं कशाला बोलू, मीही मान हलवली. तेवढ्यात तुम्हालाच आय म्हणणारी ज्ञानू सुजल्या तोंडानं म्हणाली, "आयनं न्हाई किडवलं. माझं मीच किडवलं."

मग हळूहळू कळलं. दोन महिने दाढ ठणकत होती. पोर एका बाजूनं चावून गप्प बसली होती. सांगितलं तर आम्ही तुम्हाला बोल लावू, म्हणून.

आईविना आठ दिवसांचं पोर तुम्ही जगवलंत. बाटली दिलीत ती त्याचं रडणं बघवेना म्हणून. मी काय केलं ते ऐका. वैशाखात मी लग्न होऊन आले, तुमच्याकडून तिला इथं आणलं, तर ती मला कसलीच हाक मारेना. मग मी चॉकलेटच्या गोळ्या आणल्या. "आई म्हण, मग देते." ती म्हणायची, गोळी घ्यायची आणि पुन्हा दिवसभर मुकी. झोपतानासुद्धा गोळी. आठ महिने. ही गोष्ट योगिनीबाईंना मी एकटीनं जाऊन सांगितली. त्या म्हणाल्या, "कीड आधीची असेल, पण खतपाणी तुम्ही घातलंत."

आणि अजून एक आहे. ते लिहायला हात धजत नाही.

तुमची तीन अंतर्देशीय पत्रं आली होती. मी तिला एकही वाचून दाखवलं नाही. तुमचं नाव निघालं की ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. मला वाटलं, विसरेल तेव्हा माझी होईल. पत्रं न फोडताच तांदळाच्या डब्याखाली ठेवली. ह्यांनाही सांगितलं नाही.

पहिल्या खेपेला ज्ञानू खुर्चीत बसली आणि दात घट्ट मिटले. बाईंनी समजावलं, ह्यांनी दटावलं, काही उपयोग नाही. मी तिच्या कानाशी वाकले तेव्हा ओठ न उघडता म्हणाली, "आय माझ्यावर रागावलीय. कागुद बी धाडत न्हाई."

मी तशीच उठले. रिक्षा करून घरी गेले, पत्रं घेऊन परत आले. तोवर बाईंनी दुसरा पेशंट घेतला होता. ज्ञानूला पुन्हा खुर्चीत बसवल्यावर मी तिच्या शेजारी उभी राहून पहिलं पत्र फोडलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. तांबड्या शेळीला दोन करडं झाली, त्यांची नावं तू ठेव, असं तुम्ही लिहिलंय, तिथं तिनं तोंड उघडलं. काहीतरी विचारायला उघडलं होतं. पण बाई म्हणाल्या, "असंच उघडं ठेव हं, पुढचं ऐकूया." इंजेक्शनच्या वेळी तिनं माझं मनगट धरलं. दाढ निघाली. शंभर किलोची पोती पाठीवर घेणारे हे दाराबाहेर जाऊन बसले होते. आत आले तेव्हा डोळे लाल.

मग दर खेपेला एक पत्र. तिसऱ्यात तुम्ही लिहिलंय, 'नव्या आईला त्रास देऊ नको बाळ, ती चांगली आहे.' तिथं मी थांबले. ज्ञानू तोंडात कापूस धरून म्हणाली, "वाच की."

आई ती अजून म्हणत नाही. गोळ्या बंद केल्या, तसं ते मागणंही बंद केलं.

शनिवारी, बावीस तारखेला, शेवटची खेप आहे. उरलेल्या दाढेचं काम करून टोप्या बसवायच्या आहेत. या वेळी पत्र धाडू नका अक्का, तुम्हीच या. हे आपणहून म्हणाले, "वहिनीला बोलाव. मला तिची माफी मागायची हाय." शुक्रवारी सकाळच्या एसटीत बसा, हे वाशीला उतरवून घ्यायला उभे राहतील. चांगले पंधरा दिवस राहायच्या तयारीनं या.

मला काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन. फक्त ज्ञानूसमोर नको. तिला वाटेल, हेही आपल्यामुळेच झालं.

पोरीइतकीच तुमची वाट पाहणारी,
मंजुषा