गेटबाहेरचा धाकटा

कारेलीबाग, बडोदे
गुरुवार

चि. विश्राम यास दादाचे आशीर्वाद, आणि प्लास्टरमधल्या पायाला थोडे जास्तीचे. खाज सुटते का? (कुसुमची विणायची सुई आत घालू नकोस. सातवीत हात मोडला तेव्हा माझ्या कंपासपेटीतली पट्टी तू आत अडकवली होतीस, ती डॉक्टरांनाच काढावी लागली.) फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

सोमवारी तुझ्या कंपनीने भरपाईच्या एका दाव्याची फाइल बचावासाठी माझ्याकडे धाडली. मी सवयीने, नावसुद्धा न वाचता, भक्तीला (माझी ज्युनिअर; मुलगी हुशार, चहा मात्र भयंकर करते) उत्तर सांगायला लागलो: अपघात गेटबाहेर झाला, सबब कंपनी जबाबदार नाही. अठ्ठावीस वर्षं या एका वाक्यावर माझं घर चाललंय. तिने मला थांबवलं. म्हणाली, कामावर जाता-येता झालेला अपघातही, वेळ आणि जागेचा कामाशी संबंध दिसला तर नोकरीतलाच धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने गेल्या जुलैत सांगितलंय, आणि नोव्हेंबरात लागू झालेल्या नव्या कायद्यात तर ते लिहूनच आलंय. (निकाल मी वाचला होता. माझ्याविरुद्धचे निकाल मी चष्मा न लावता वाचतो.) मग तिने फाइलवरच्या नावावर बोट ठेवलं. "सर, आ तो तमारा भाई छे ने?"

फाइल त्याच दुपारी परत केली. त्यातलं कंपनीचं काही सांगणार नाही, तो धंद्याचा नियम. पण जबाब तुझा स्वतःचा आहे, त्यावर भांडायला मी मोकळा. मांजलपूरच्या घरून सावलीला कामावर निघालेला माणूस कारेलीबागेत कशाला वळला, या प्रश्नावर तू लिहून दिलंस, "रस्ता चुकलो." एकोणीस वर्षं त्याच नोकरीवर जाणारा माणूस रस्ता चुकतो? अरे, हा जबाब मी पाच मिनिटांत फाडला असता, खाजगी कामाला गेला होता म्हणून तुझी भरपाई बुडवली असती, आणि वर चहा प्यायलो असतो. सहा महिने तुला उभं राहता येणार नाही, तरी माझं नाव तू घेतलं नाहीस. तुझी वहिनी गेल्यापासून दर गुरुवारी कामावर जाताना तू कुसुमचा डबा मला आणून देतोस, हे सांगितलं तर कंपनीचाच वकील असलेल्या दादाची पंचाईत होईल, एवढंच तुझ्या डोक्यात. मला फार वाईट वाटलं रे. आणि खरं सांगू, फार बरंही वाटलं.

तुझा,
संपतदादा

ता. क.: त्या दिवशीचा डबा सोबत पाठवतोय. शेजारपाजारचा डबासुद्धा रिकामा परत करायचा नसतो, हे तुझ्या वहिनीला कळत होतं. मी तीन वर्षं तुझ्या हातात रिकामाच ठेवला. आज त्यात माझं प्रतिज्ञापत्र आहे: सात-दहाला तू माझ्या दारातून थेट कामावर निघालास, आणि वीस मिनिटांनी दुमाड चौकडीच्या चौकात, सावलीच्याच रस्त्यावर, गाय आडवी आल्याने पडलास. खाली दुसऱ्या वकिलाचा नंबर आहे. हट्ट सोड आणि खरा जबाब दे. साक्षीला मी उभा राहतो.

आणखी एक: त्या वांग्यांत मीठ जास्त होतं. ते प्रतिज्ञापत्रात घातलेलं नाही.

आणि शेवटचं: आजही सकाळी सातला दार उघडून बसलो होतो.