गुणवंताच्या करवतीचा जोर

रवि. ७ फेब्रु. ८२
सकाळच्या काटोल गाडीने गुणवंता आला. माझा धाकटा, पण दारातून आत यायची रीत थेट आमच्या आईची. खांद्यावरचं पोतं खाली ठेवायच्या आधी एकेकाची तब्येत विचारली. वयनीचे गुडघे? भाऊ, तुमचा खोकला? सूनबाईची कंबर? बाळाले दात आले का? शेजारच्या आजी हायत ना अजून? सगळी माणसं संपली तेव्हा ओसरीतल्या माझ्या लेथची. "याचा पट्टा टिकून राहिला का, भाऊ?"
स्वतःच्या हाताबद्दल अक्षर नाही. चहाचा कप डाव्या हाताने उचलला. मी पाहिलं. मी पाहतोय हे त्याने पाहिलं.
दिवाळीत संत्र्याच्या शिडीवरून पडला, तेव्हापासून उजवी मूठ आवळत नाही.
पोत्यात पेट्रोलवरची लहान साखळी-करवत. कुण्या लाकडाच्या टालवाल्याने वापरून टाकलेली, बाहेरच्या देशातली. "लाकडात गेली का दम सोडते. जोर वाढवून द्या, भाऊ."
त्याची अडचण ठाऊक आहे. तोडणी झाली की झाडांवरच्या वाळक्या फांद्या, म्हणजे सल, काढावी लागते. आजवर कुऱ्हाडीने तोच काढत आला. आता कुऱ्हाड धरवत नाही. मुलगा भिलाईला. त्याचं म्हणणं, बाग ठेक्याने द्या अन् इकडे या. बापलेकांत ठरलंय: यंदाची सल बापाने स्वतः काढली तर बाग राहील. नाही तर पाडव्यानंतर ठेका.
"करून देतो," म्हणालो. बोलून तर बसलो. अशी करवत आजवर खोललेली नाही.

मंगळ. ९
खोलली. आत स्कूटरचीच लहान बहीण. जिवाला बरं वाटलं.
सायलेन्सरचं तोंड सुईएवढं, त्यात काजळी. धूर बाहेर पडेना तर नवा श्वास कुठून घेणार? खरवडलं. बाजूला आणखी एक भोक पाडलं. धूर जास्त सुटला तर पेट्रोलही जास्त पाहिजे, म्हणून कार्बोरेटरचा पेट्रोलचा स्क्रू पाव आटा सैल. नाही तर पिस्टन भाजून निघेल.
आवाज वाढला. आजींनी भिंतीपलीकडून विचारलं, विमान घेतलं का?

शनि. १३
सिलिंडरच्या ब्लॉकखालचं जाड पॅकिंग काढून पातळ कापून घातलं. दाब वाढतो त्याने. पण पिस्टन वर आदळायला नको. किती जागा उरते ते पाहायचं कसं? सौ.कडे कणकेची गोळी मागितली. पिस्टनच्या डोक्यावर ठेवली, ब्लॉक चढवला, हाताने फिरवलं, पुन्हा खोललं. गोळीची चकती झालेली, जुन्या पैशाएवढी जाड. म्हणजे जागा आहे.
सौ.: "अवो, आता मशीनलेही पोळ्या करून घालता का?"
"तिले पचते वं. तुझ्या पोळ्या मलेच जड जातात."
संध्याकाळी भाजी अळणी आली. मीठ उठून मीच घेतलं.

गुरु. १८
बाभळीचा ओंडका आणून पाहिला. मोकळी असताना करवत वाघीण. लाकडात गेली की तीच रड. इंजिन किंचाळतंय, साखळी जागची हलत नाही, ती जिच्यावर फिरते त्या पट्टीतून धूर. दोनदा केलं, दोनदा तेच. जोर आहे, पण जातो कुठे?
सौ. तूर पाखडत बसली होती. नाक वर करून म्हणाली, "जवस कोन तळून राहिलं?"
मी म्हटलं, इथे कुठला जवस.
"मले काय वास कळत नाही? गोडं तेल नाही, जवसाचंच हाय."
साखळीच्या तेलाची टाकी उघडली. पिवळं, घाण्यावरचं, घरचं जवसाचं तेल! पट्टी सोडवली तर खाच पार बुजलेली. वाळून राळ झालेली, नखाने निघेना. जवसाचं तेल ताटात चांगलं. उघड्यावर राहिलं की वार्निश होतं. दारांना आपण लावतो ते काय उगाच?
नऊ दिवस मी इंजिन कुरतडत बसलो, आणि दुखणं होतं पट्टीत. पहिल्याच दिवशी टाकी पाहिली असती तर… जाऊ दे.

रवि. २१
पट्टी-साखळी दोन दिवस घासलेटात. आज पातळ काडीने खाच उकरली, दातांना गोल कानस मारली, टाकीत इंजिनचं तेल भरलं.
बाभूळ मुळ्यासारखी कापली गेली. भुसा नाही, कीस पडत होता. मन भरून आलं. दुसरा काप, तिसरा. मग पट्टीचा शेंडा मागच्या ओंडक्याला टेकला, नुसता टेकला, आणि करवत उलटी उसळली. कानाजवळून गेली. दोन्ही हात धड असून माझ्या हातून सुटता सुटता राहिली.
बंद केली. ओट्यावर बसून राहिलो. सौ.ने पाणी आणून दिलं.
करवतीच्या आतला जोर आता माझाच आहे. मोजून-मापून घातलेला. आणि हिला धरणार गुणवंताचा तो हात.

बुध. २४
जुनं जाड पॅकिंग परत बसवलं. सायलेन्सरच्या नव्या भोकावर पत्रा, दोन स्क्रूंनी. पेट्रोलचा स्क्रू मागे. आली तशी झाली करवत, फक्त स्वच्छ. ओंडका नीट कापते. घाई नाही, पण कापते. शेंडा मुद्दाम टेकवून पाहिला. उसळते, पण आवरते.
गुणवंताला सांगायचं की नाही? न सांगता दिली तर खूश होऊन जाईल. भाऊने जोर वाढवला म्हणून गावभर सांगेल.
सौ.: "सांगून द्या. हाताचं दुखनं तो झेलते. तुमी फसवलं हे नाही झेलनार."

रवि. २८
आला. पुन्हा एकेकाची तब्येत. अंगणात ओंडका दिला. डाव्या हाताने दोरी ओढली, उजव्याने नुसता आधार. सावकाश कापत गेला. चेहरा उजळला.
मी विचारलं, "काहून गा, टाकीत जवस घातलं होतं?"
"मंग काय जळकं तेल सांडू मुळाशी? बाबानं लावलेली झाडं हायत."
इंजिनच्या तेलाचा डबा आणायला सांगणार होतो, गिळलं. तेव्हा एरंडीचं घाल म्हणालो, तेही झाडाचंच. सल काढून झाली की पट्टी घासलेटात टाकत जा. मान डोलावली.
मग सांगून टाकलं. जोर वाढवला होता. मीच परत काढून घेतला.
करवत त्याच्या मांडीवर, बोट त्या पत्र्यावर.
"माह्या हाताच्यानं?"
"हो."
"दादागिरी तुमची लहानपनापासूनच हाय, भाऊ." हसला, पण डोळे खालीच. मग म्हणाला, "पातळ पॅकिंग कुठी हाय? बांधून द्या. अन् हा पत्रा कसा निघते ते दाखवा."
सौ. माझ्याकडे पाहत होती. मी दाखवलं. दोन स्क्रू. वर हेही सांगितलं, की पत्रा काढला तर पेट्रोलचा स्क्रू पाव आटा सैल करायचा. भरली बादली उजव्या हाताने उचलशील त्या दिवशी काढ, आधी नको.
"अन् पाहाले कोन येनार, तुमी?"
पातळ पॅकिंग त्याने रुमालात बांधून खिशात घातलं. स्क्रू फिरवायला पेचकस माझाच मागून घेतला. गाडीपर्यंत पोतं मी उचललं, त्याने उचलू दिलं.

बुध. १० मार्च
गुणवंताकडून काही कळलं नाही. आज पेचकस शोधायला डबा उघडला आणि आठवलं, तो नेला.
पोस्टाच्या खिडकीशी उभं राहूनच कार्ड लिहिलं. त्याच्या बायकोचा, शकुंतलाबाईंचा, दमा कसा आहे, धाकट्या बैलाचा खूर भरला का, विहिरीचं इंजिन तक्रार करतं का. त्याच्याच रीतीने एकेकाची विचारली. हाताची शेवटी. मग: किती झाडांची सल झाली ते कळव. पत्रा काढला असशील तरी कळव, रागावणार नाही. उजव्याने लिहवलं तर उजव्याने लिही, नाही तर डाव्याने, पण कार्ड मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी टपालात पडेल असं लिही.
अक्षरावरूनच समजेल मला.