आक्काचा मऊ लाडू

राजारामपुरी, कोल्हापूर

ती. आक्कास सयाजीचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा हाय? भावजींचा खोकला बसला का? तुझी रूपाली आणि तिचं बाळ बरं ना? फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून ही चिठ्ठी लाडवाच्या मोकळ्या डब्यात घालून एसटीनं धाडतोय.

अनुजाचं खाऊचं मशीन कॉलेजात बसलं. पोरं मोबाईलवरनं पैसे भरतात, आतली स्प्रिंग फिरते आणि खाऊ खाली पडतो. पोरांनी वडापावाऐवजी नाचणी खावी म्हणून लेकीनं नोकरी सोडली, एवढं सोडलं तर काळजी न्हाय.

आता रागावू नकोस. तू धाडतेस तो नाचणीचा लाडू तोंडात विरघळतो, पण मशीनमधनं पडला की फुटतोय. काल मी मशीनपाशी उभा होतो, तर एक पोरगा म्हणाला, "काका, लाडू मागितला, पीठ आलं की!" सगळी हसली. अनुजाही हसली, पण घरी येऊन जेवली नाही. मशीन ठेवायचं का न्हाय ते महिनाभर बघून ठरवू, असं कॉलेज म्हणतंय.

म्हटलं, "आत्याला कळवूया." तर म्हणाली, "नको बाबा. तिच्या मऊ लाडवाचं गावभर नाव हाय. घट्ट बांध, असं कुठल्या तोंडानं सांगू?"

म्हणून मीच सांगतोय. पाक जरा पुढं जाऊ दे, मूठ आवळून बांध. आपल्याकडं टणक लाडू म्हणजे बाईची नाचक्की, ठाऊक हाय मला. तरी मी कळवलं हे अनुजाला सांगू नकोस; तिला एवढंच लिही, की म्हातारपणी पाक चुकला, पोरी, सांभाळून घे.

उत्तर लगोलग धाड.

तुझा धाकटा,
सयाजी